जखम एकाची, डाव सगळ्यांचा

१९१७ साली सायलेशियातल्या कोनिग्सह्युटे या खाणींच्या गावात, खाणकामगारांच्या अपघात रुग्णालयात लुडविग गुटमान हा तरुण मदतनीस म्हणून काम करत होता. कोळशाच्या खाणीत पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट कामगार तिथे आणला गेला. डॉक्टरांनी कणा जागी बसवला, प्लास्टर घातले आणि खाटेभोवती पडदे लावले. गुटमान त्याची नोंद लिहू लागला तेव्हा त्याला सांगण्यात आले की, कष्ट घेऊ नकोस, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे. झालेही तसेच. जंतुसंसर्गाने तो कामगार दगावला. रोज खाणीत उतरून पोट भरणाऱ्या त्या माणसाच्या अंगी हिंमत कमी होती असे कोण म्हणेल? हा वाचू शकतो असे मानून त्याच्यापाशी उभे राहणारे मात्र तिथे कोणी नव्हते. कामावर जखमी झालेल्या आपल्या माणसाला घराने कसे सांभाळावे, याचा विचार या पडद्यामागच्या खाटेपासून सुरू करायला हवा. कारण त्याच खाटेच्या आठवणीतून पुढे एक जागतिक क्रीडा चळवळ उभी राहिली.

गुटमान पुढे नामवंत चेतासंस्थातज्ज्ञ झाले. ज्यू असल्यामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले. फेब्रुवारी १९४४ मध्ये एल्सबरीजवळच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात त्यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यांचे उपचार ऐकायला अगदी साधे वाटतात. शय्याव्रणे होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. लघवीच्या मार्गात संसर्ग होऊ द्यायचा नाही. आणि प्रकृती सावरू लागली की त्याला सुतारकाम, घड्याळदुरुस्ती अशा कामाला लावायचे. खेळ आला तो या सगळ्याच्या जोडीने. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, स्टोक मँडव्हिलच्या आवारात चाकाच्या खुर्चीवरच्या सोळा माजी सैनिक स्त्री-पुरुषांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. १९६० मध्ये रोमला झालेल्या स्पर्धेत २३ देशांचे सुमारे चारशे खेळाडू आले आणि तीच पुढे पहिली पॅरालिम्पिक मानली गेली. या घटनांचा क्रम ध्यानात घ्यावा. आधी शुश्रूषा, तिच्या पाठोपाठ काम, आणि मग खेळ.

आपण हीच गोष्ट बहुधा उलटी सांगतो. खेळाने जिद्द दिली आणि जिद्दीच्या बळावर माणूस उभा राहिला, अशी ती सांगितली जाते. परांचीवरून पडून पाय मोडलेला गवंडी, प्रेसमशीनमध्ये बोटे गेलेला ऑपरेटर, खांबावर विजेचा धक्का बसलेला लाइनमन यांच्या उशाशी येणारी माणसे याच समजुतीने बोलतात. ‘धीर सोडू नकोस, मन घट्ट कर, त्या अमक्या खेळाडूकडे बघ.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण त्या बोलण्यात एक हिशेबही दडलेला असतो. बरे होणे ही जखमी माणसाची एकट्याची जबाबदारी ठरते, आणि तो लवकर उभा राहिला नाही तर दोष त्याच्या मनोबळाकडे जातो. या लेखाचे म्हणणे याच्या नेमके विरुद्ध आहे. खेळातल्या चारित्र्याकडून अशा घराला काही घ्यायचे असेल, तर जखमी खेळाडूने वेदना कशी सोसली हे पाहण्यापेक्षा भोवतालची माणसे आणि नियम त्याच्याशी कसे वागले, ते पाहावे.

खेळ चारित्र्य घडवतो, ही समजूत शाळांच्या स्नेहसंमेलनापासून राष्ट्रीय पुरस्कारांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. १९७१ मध्ये ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको या अमेरिकी क्रीडामानसशास्त्रज्ञांनी हजारो खेळाडूंच्या अभ्यासावरून तिला हरकत घेतली. स्पर्धात्मक खेळाने चारित्र्य घडते याचा पुरावा आपल्याला मिळाला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यांचा स्वभाव आधीच त्या चाकोरीला मानवणारा असतो, तेच वरच्या पातळीपर्यंत टिकतात. हा निष्कर्ष मान्य केला म्हणून खेळात चारित्र्य नसते असे होत नाही. ते कुठे दिसते, एवढाच प्रश्न उरतो. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बार्बाडोसविरुद्ध चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली आणि रक्ताची गरज पडली. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर या सहकाऱ्यांनी रक्त दिले. त्यांच्याबरोबर प्रतिस्पर्धी देशाचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीही दिले. एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडींनी संघाची धुरा घेतली. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्या दिवसांत बेशुद्ध पडलेल्या माणसाकडून कोणी जिद्दीची अपेक्षा केली नाही. चारित्र्य दिसले ते रक्त देणाऱ्यांत आणि अचानक आलेली जबाबदारी उचलणाऱ्यांत.

नियमांनाही चारित्र्य असते, आणि क्रिकेटने ते फार मोठी किंमत देऊन कमावले. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीत फलंदाजी करताना फिलिप ह्यूज यांच्या मानेवर उसळता चेंडू बसला आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. मैदान हे त्यांचे कामाचे ठिकाण होते, म्हणजे हा कामावरचा मृत्यूच होता. त्यानंतर डोक्याला लागलेल्या माराकडे बघण्याची क्रिकेटची दृष्टी गंभीर झाली आणि ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू पूर्ण अधिकाराने खेळू लागला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर आदळला. ८० धावांवर ते बाहेर गेले, काही वेळाने परत येऊन ९२ पर्यंत खेळले. दुसऱ्या दिवशी मात्र मेंदूला धक्का बसल्याची लक्षणे दिसल्याने त्यांना थांबवण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या मार्नस लाबुशेन यांनी ५९ धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. जुन्या नियमाखाली ऑस्ट्रेलियाला एक फलंदाज कमी घेऊन खेळावे लागले असते, आणि संघाचे नुकसान होऊ नये म्हणून स्मिथ यांच्यावर उभे राहण्याचा दबाव आला असता. बदलीची सोय झाल्यामुळे थांबणे शक्य झाले. जखमी माणसाला विश्रांती हवी असते हे सगळ्यांनाच कळते. पण त्याची जागा भरून काढणारे कोणी असल्याशिवाय ती त्याला घेता येत नाही.

ही गोष्ट घराला तंतोतंत लागू पडते. पायाचे प्लास्टर निघायच्या आत कामावर परतणाऱ्या मजुराला आपण जिद्दी म्हणतो; खरे तर त्याच्या घरात बदली खेळाडू नसतो. रोजंदारी बंद, भाडे थकलेले, मुलांची फी समोर, अशा वेळी विश्रांतीचा सल्ला त्याला टोचतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात घराने जखमी माणसाच्या मनोबळापेक्षा त्याच्या जागेचा विचार करावा. तो कोणकोणती कामे करत होता, त्यांतली कोणती कोण करणार, कोणती काही महिने बंद ठेवायची, कोणती देणी पुढे ढकलता येतील, हे बसून ठरवावे. ज्याला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू आहे त्याच्यासाठी ही सोय काही प्रमाणात आधीच करून ठेवलेली असते. कामावरच्या इजेमुळे काम करता येत नसेल, तोवर सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळू शकते, आणि त्यासाठी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असण्याची अट नसते. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क असतो. ज्यांच्या पगारातून दरमहा ही वर्गणी कापली जाते, त्यांच्या घरच्यांनी तरी हे माहीत करून घ्यायलाच हवे.

दुसरा प्रश्न शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दिवसातून बारा वेळा. स्टोक मँडव्हिलमध्ये हे काम पाळ्या बदलणारे कर्मचारी करत. आपल्या घरात ते बहुतेक वेळा एकटी बायको किंवा आई करते, आणि त्याखेरीज स्वयंपाक, मुलांची शाळा, दवाखान्याच्या रांगा तिच्याच वाट्याला असतात. तिच्या सोसण्याचे कौतुक करून भागत नाही. जखमी माणसाला जसे ‘जिद्द ठेव’ म्हणून एकटे पाडले जाते, तसेच तिला ‘तू खंबीर आहेस म्हणून घर उभे आहे’ असे म्हणून एकटे पाडले जाते. तिची झोप मोडली, पाठ दुखू लागली, चिडचीड वाढली, तर घरात लवकरच दुसरा रुग्ण तयार होईल. म्हणून भेटायला येणाऱ्या दीर-नणंदांनी, भावांनी आणि शेजाऱ्यांनी फळांच्या पिशवीबरोबर वेळही द्यावा. आठवड्यातल्या दोन रात्री कोण जागणार, ड्रेसिंगला कोण नेणार, हे नावानिशी ठरलेले असावे. नुसते ‘काही लागले तर सांगा’ म्हटले की मागायचे ओझेही तिच्यावरच पडते.

तिसरा प्रश्न मनाचा, आणि इथेही खेळाच्या अभ्यासाने काही ठोस दिले आहे. संशोधक ब्रिटन ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये खेळाडूपण माणसाच्या स्वतःच्या ओळखीत किती खोल रुजलेले आहे, हे मोजणारी एक प्रश्नावली मांडली. ज्यांची सगळी ओळख खेळातच सामावलेली असते, त्यांना दुखापतीनंतर नैराश्याचा धोका जास्त असतो, असे या संशोधनातून दिसले. वीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या टर्नरचे तसेच होते. हातापायाबरोबर ‘मी कोण’ याचे उत्तरही दुखावले जाते. त्याचे गप्प बसणे, लोकांना भेटायला नकार देणे, किरकोळ गोष्टीवरून ताट सरकवणे यांमागे हे दुःख असू शकते. घरच्यांचेही एक दुःख असते, जे बोलून दाखवायला त्यांना लाज वाटते. डोक्याला मार लागून स्वभाव बदललेला माणूस समोर बसलेला असतो, पण पूर्वीचा तो सापडत नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक स्त्रीने बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांपासून सुरुवात करून अशा अर्धवट गमावण्याचा अभ्यास केला. अशा दुःखाला शेवट नसतो, म्हणून ते जास्त छळते. गेलेल्याचा शोक आणि असलेल्यावर माया या दोन्ही एका वेळी मनात असू शकतात, हे मान्य केले की घरच्यांची अपराधीपणाची भावना सैल होते. नैराश्य आठवडे उलटूनही हटत नसेल, किंवा मरणाची भाषा ऐकू येऊ लागली, तर मात्र समजुतीच्या गोष्टींवर न थांबता डॉक्टरांकडे जावे.

यावर पहिला आक्षेप असा की, जिद्दीला एवढे कमी लेखणे सत्याला धरून नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर यांच्याकडे पाहा. त्यांच्याकडे जरूर पाहावे, आणि पूर्ण पाहावे. लष्कराच्या ईएमई विभागातले हे मुष्टियोद्धे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९६८ मध्ये तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले; भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. परदेशी जाण्यासाठी माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली, आणि उदरनिर्वाहासाठी पुण्यात टेल्कोची नोकरी होती. पेटकरांची जिद्द अफाट होती, यात वादच नाही. पण ती फळाला आली ती रुग्णालय, जलतरण तलाव, प्रवासाचा खर्च आणि नोकरी यांच्या आधारावर. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली, म्हणजे सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. एवढा काळ जिद्द त्यांच्या बाजूने पुरेपूर होती, कमी पडले ते भोवतालचे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. सगळी कामे काढून घेतली आणि हातात ताट दिले, तर माणूस कायमचा परावलंबी होईल, अशी भीती अनेकांना वाटते. ती खोटी नाही, आणि गुटमान यांनाही ती वाटत होती. म्हणून तर त्यांच्या वॉर्डात शिस्त कडक होती आणि रुग्णाने कामाला लागावे हा आग्रह होता. फरक एवढाच की तो आग्रह योग्य वेळी आणि पायरीपायरीने केला जात होता. मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूला आज जसे परत आणतात, ती रीत घरालाही समजण्यासारखी आहे. आधी एक-दोन दिवस विश्रांती, मग हलका व्यायाम, मग सराव, शेवटी प्रत्यक्ष सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे. कंबर, हात किंवा पाय यांच्या इजेत हा काळ आठवड्यांचा किंवा महिन्यांचा असेल आणि पायऱ्या डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट ठरवतील, पण तत्त्व तेच. मदत म्हणजे त्याच्या वतीने सगळे करणे नव्हे. आज जे त्याला जमते ते त्यालाच करू द्यावे, त्याला वेळ लागला तरी थांबावे, आणि घराचे निर्णय घेताना त्याला विचारावे. घरखर्चाचा हिशेब बसल्या जागी लिहिणारा माणूसही घर चालवतच असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक. मालकाकडे भरपाई मागणे म्हणजे तक्रार करणे, खाल्ल्या मिठाला न जागणे, असे अनेक कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना मनापासून वाटते. खिलाडूवृत्तीने झाले गेले विसरावे, असेही सांगितले जाते. पण खिलाडूवृत्तीचा पाया नियम पाळण्यात असतो, आणि इथला नियम स्पष्ट आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने भारतात एक तत्त्व आणले: काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, तर भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. म्हणजे भरपाई मागताना कामगार कोणावर आरोप करत नाही. कामाच्या जोखमीचा जो वाटा मालकाने उचलायचा असे ठरलेले आहे, तो त्याने उचलावा एवढेच म्हणतो. कामगार ठेकेदाराचा असला तरी ज्याच्यासाठी काम चालू होते त्या मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार त्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याचा दर्जा उतरवता येत नाही. झेपेल अशा दुसऱ्या पदावर त्याच वेतनाने सामावून घ्यावे लागते.

राहिली शंका पैशांची. खेळाडूंच्या दिमतीला डॉक्टर आणि फिजिओ असतात, बांधकामावरच्या मजुराला ते कुठून मिळणार? ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच जे फुकट मिळते किंवा कायद्याने मिळते ते दवडता कामा नये. अपघात कामावर झाला हे पहिल्याच केसपेपरवर लिहिले गेले पाहिजे. ‘घरी पडला असे सांगा, खर्च आम्ही बघतो’ असे मुकादमाने कितीही आपुलकीने सांगितले तरी खोटी नोंद होऊ देऊ नये. पुढे हक्क मागताना तोच कागद आडवा येतो. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले, हजेरीची किंवा पगाराची कोणतीही खूण आणि अपघात पाहणाऱ्या सहकाऱ्यांची नावे एका पिशवीत जपून ठेवावीत. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. दाव्याला मुदत असते, तेव्हा जखम भरेपर्यंत वाट न पाहता कामगार कार्यालयात, संघटनेत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. प्राधिकरणाकडून कामगारांना वकिलाची मोफत मदत मिळू शकते. ही धावपळ जखमी माणसाने करायची नसते. ती घरच्यांची आणि सहकाऱ्यांची पाळी आहे.

आपल्या ओळखीतल्या कुणाला कामावर इजा झाली आणि आपण भेटायला निघालो, तर धीराचे दोन शब्द जरूर बोलावेत. पण उठण्याआधी एक काम आपल्या अंगावर घ्यावे आणि ते कोणत्या दिवशी करणार हे सांगून यावे. रात्रीची पाळी, दवाखान्याची फेरी, कार्यालयातला अर्ज, मुलांचा अभ्यास, यांतले काहीही चालेल. जिद्द त्या माणसाची त्याच्यापाशी राहू द्या; तिला जागा करून देणे आपल्या हातात आहे, आणि चारित्र्याची परीक्षा द्यायची असेल तर ती आपण द्यायची आहे.